गॅरंटी की वॉरंटी? बिलावर कोणता शब्द हवा

महाराणी रोडवर फ्रिज घ्या की जेल रोडवर चार्जर, पैसे काढण्याआधी प्रश्न निघतोच: 'गारंटी है या वारंटी?' इंदूरच्या बाजारात हिशेब ठरलेला आहे. गॅरंटी म्हणजे बिघडलं तर बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. आपल्या मराठी घरांतही हेच धरून चालतात. पण हा फरक इंग्रजीतून आलेला नाही, तो आपल्या बाजाराने पाडला आहे.

इंग्रजीत हे दोन्ही शब्द सख्खी भावंडं. राखणे, सांभाळणे या अर्थाच्या जर्मानिक कुळातला शब्द फ्रान्समध्ये शिरला. तिथे मध्य भागात आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला, उत्तरेच्या नॉर्मन बोलीत 'व' टिकला. 1066 नंतर नॉर्मन इंग्लंडात राज्य करू लागले आणि वॉरंटी त्यांच्या मागोमाग 14व्या शतकापर्यंत इंग्रजीत रुजला. गॅरंटी 17व्या शतकात उशिरा आला. वॉर्डन आणि गार्डियन ही अशीच जोडी. दारात पोलीस घेऊन येतात ते वॉरंटही याच घराण्यातलं!

कायदा मात्र तिसरीच वाट धरतो. 1930च्या माल विक्री कायद्यात जोडी आहे ती 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' यांची. सौद्याच्या मुळाशी असलेली अट, म्हणजे कंडिशन, मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. वॉरंटी ही त्या सौद्याला जोडलेली दुय्यम अट. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. म्हणजे दुकानदार ज्याला गॅरंटी म्हणतो ते कायद्याच्या भाषेत कंडिशनच्या जवळ जातं.

त्यामुळे खरेदीत शब्दावर अडून बसू नका, त्यापुढची ओळ वाचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर '36+24 महिने' असं असतं. पहिले 36 महिने बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढचे 24 महिने नव्या बॅटरीच्या छापील किमतीत ठरावीक टक्के सूट, एवढंच. दुकानदार एरवीही छापील किमतीपेक्षा कमीच घेतो, म्हणून हाती पडणारा फायदा कागदावर दिसतो त्याहून बराच कमी. बदललेल्या बॅटरीची मुदतही बहुधा नव्याने सुरू होत नाही, जुनीच उरलेली चालते. फ्रिजवर 'कंप्रेसर 10 वर्षं' लिहिलेलं असलं तरी गॅस, मजुरी आणि कारागिराच्या फेरीचे पैसे सहसा त्यात धरलेले नसतात. गीझरच्या टाकीची आणि एलिमेंटची मुदत वेगळी असते. बोअरिंगच्या जड पाण्याने एलिमेंटवर थर चढला, तर कंपनी 'हा बिघाड नाही' म्हणून हात वर करू शकते.

दावा फेटाळला जातो तो बहुतेक कागदापायी. बिलावर अनुक्रमांक नाही, कार्डावर विक्रीची तारीख किंवा दुकानाचा शिक्का नाही, किंवा मधेच बाहेरच्या मेकॅनिककडून सील उघडलेलं. जेल रोडच्या मालाला तर 'चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक' हा नियम. तिथे दोन्ही शब्द सारखेच हलके.

दुकान तुमचं असेल तर वॉरंटी लिहा, आणि लगेच खाली: किती दिवसांत बदलून, किती महिने दुरुस्ती, मजुरी कोणाची.

कर्जाच्या कागदावर मात्र गॅरंटी हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. इथे तो सैल बाजारी शब्द नाही. 1872च्या करार कायद्याच्या कलम 126 प्रमाणे दुसऱ्याने पैसे बुडवले तर ते फेडण्याचा तो करार आहे. कलम 128 म्हणतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराची सगळी मालमत्ता विकून या, असं बँकेला सांगता येत नाही.

मराठीत लिहायचं झालं तर वस्तूसाठी 'हमी' पुरे, कर्जासाठी 'जामीन'. हिंदीत जामिन म्हणजे माणूस आणि जमानत म्हणजे कोर्टातली सुटका. मराठी मात्र दोन्हींना जामीनच म्हणते. इंदुरात अर्ज हिंदीतून भरताना 'मी जामीन आहे' याचं 'मैं जमानत पर हूँ' झालं, तर अर्ज घेणारा कारकून चष्मा सरकवून वर बघेल.