आरटीएक्स ४०६० वर सायबरपंक २०७७: कात्री कुठे लावायची

सायबरपंक २०७७ हा गेम १०८०पी मॉनिटरवर खेळायला आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड पुरतं, पण ‘अल्ट्रा’ प्रीसेट (सेटिंग्जचा तयार संच) डोळे मिटून लावू नका. सगळ्यात जास्त फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) खातात ती स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स, म्हणजे पडद्यावर दिसतंय त्यावरून काढलेली प्रतिबिंबं. ‘सायको’ ही पायरी फक्त स्क्रीनशॉटवाल्यांसाठी. खालच्या पायऱ्यांवर ओल्या रस्त्यातली प्रतिबिंबं दाणेदार दिसतात. ‘हाय’ परवडत नसेल तर सरळ बंद करा. व्हॉल्युमेट्रिक फॉग आणि ढग ‘मीडियम’वर आणले तर खेळताना फरक कळतही नाही.

टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र ‘हाय’च ठेवा. ती फ्रेमपेक्षा व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) खातात. (हा पर्याय फक्त मेन मेन्यूतून बदलतो, चालू गेममध्ये शोधत बसू नका.)

खरी गोची ८ जीबी मेमरीची. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या दाखवणं) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच बनवणं) दोन्ही तीच मेमरी मागतात. ती भरली की डेटा पीसीआयईवरून (कार्ड आणि मदरबोर्डमधला जोडमार्ग) साध्या रॅममध्ये जा-ये करतो, आणि या कार्डाला त्या मार्गाच्या लेन आठच. पीसीआयई ३.०चा जुना मदरबोर्ड असेल तर त्रास आणखी वाढतो: सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) चांगला दिसतो, गाडी वळवताना मात्र गचके बसतात. पाथ ट्रेसिंगचा (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) विचारच सोडा.

डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) ‘क्वालिटी’च्या खाली नेऊ नका, १०८०पीला तिथेच आतलं रेझोल्यूशन १२८० × ७२० झालेलं असतं.

ग्राफिक्स उतरवूनही एफपीएस हलत नसेल तर प्रोसेसर अडलाय. तेव्हा गेमप्ले मेन्यूतली क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) कमी करा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि गेममधलाच बेंचमार्क चालवून किमान एफपीएस बघा.