बीएलएस, पाल्स की एनआरपी: आधी कोणता कोर्स करावा?

जीव वाचवायला शिकवणारे हे तीन कोर्स: बीएलएस म्हणजे श्वास-हृदय थांबलेल्या कुणालाही द्यायचे प्राथमिक उपचार, पाल्स म्हणजे अत्यवस्थ मुलांवरचे पुढचे उपचार, आणि एनआरपी म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाला श्वास देणं. फी, रजा आणि नाशिक-पुण्याची धावपळ एकदाच जमणार असेल, तर नाव कुठे नोंदवायचं? ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरांना आणि सिस्टरांना मी एवढंच सांगेन: तुमच्या दारात कोणतं मूल येतं ते आधी बघा.

लेबर रूम तुमच्याकडे असेल तर एनआरपी. बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅग (मास्कमधून हवा देणारा हातानं दाबायचा फुगा) चालू व्हायला हवी. छाती दाबायची वेळ आलीच, तर तीन दाबांमागे एक श्वास. हे बाकीच्या दोन कोर्सांत शिकवत नाहीत. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं सरकारी प्रशिक्षण अलीकडे झालेलं असेल, तर थोडं थांबलात तरी चालेल.

कॅज्युअल्टीवाल्यांचा, म्हणजे तातडीच्या विभागातल्यांचा, पेच मोठा. मोठ्या माणसाचं हृदय बहुधा हृदयाच्याच आजारानं बंद पडतं. मुलांमध्ये आधी श्वास खालावतो किंवा मूल शॉकमध्ये जातं (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो), हृदय त्यानंतर थांबतं. न्यूमोनिया, जुलाब, तापीत बुडालेलं पोर, कपाशीवरचं फवारणीचं औषध प्यालेलं पोर, विंचू चावलेलं पोर: या सगळ्यांत मधे थोडी उसंत मिळते. ती हेरायला पाल्स शिकवतो. हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन आणि इंजेक्शनं म्हणजे पाल्स असं बरेच जण धरून चालतात, पण त्याचं खरं मोल या हेरण्यात आहे. धडगाव-मोलगीकडून घाट उतरून नंदुरबारला पोर न्यायचं, तर निघण्याआधीच हे ओळखता आलं पाहिजे.

मात्र पाल्सला पूर्वतयारी लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्सला बसण्याआधी स्वतःची तयारी तपासणारी चाचणी ७० टक्क्यांनी पास करावी लागते आणि त्यात ईसीजी, औषधं सगळं येतं. ईसीजीची पट्टी कधी हाती न घेतलेल्या सिस्टरांचे ते दोन दिवस डोक्यावरून जातात.

बीएलएस साधारण अर्ध्या दिवसाचा. एकटे असाल तर छातीवर ३० दाब, मग २ श्वास. मूल असेल आणि दोघं असाल तर १५ ला २. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या एक तृतीयांश: तान्ह्याला साधारण ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलाला ५. ऐकायला सोपं, पण हात तिथंच चुकतात. त्यातही मास्क. मोठ्या माणसाचा मास्क तान्ह्याच्या तोंडावर टेकवला की तो डोळ्यांवर चढतो, हनुवटीखालून हवा निसटते आणि छाती काही हलत नाही. अंगठा-तर्जनीनं मास्क दाबायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा, हे डमीवर पुन्हा पुन्हा केल्याशिवाय हाताला बसत नाही.

म्हणून माझं मत असं: एका डॉक्टरनं पाल्स करावा आणि ब्रदर, वॉर्डबॉयसकट बाकी सगळ्यांनी बीएलएस. एकट्या पाल्सवाल्या डॉक्टरभोवती गोंधळलेली माणसं असतील तर कोर्सनंतर मिळणाऱ्या त्या कार्डाचा उपयोग नाही. कार्ड दोन्हींचं दोन वर्षं चालतं, हात मात्र काही महिन्यांतच विसरतात, तेव्हा अधूनमधून वॉर्डातच सराव हवा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचेही बीएलएस-एएलएस (प्राथमिक आणि प्रगत उपचारांचे) कोर्स असतात. परदेशी नोकरी किंवा मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलचा विचार नसेल तर तेही बघा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: एका डमीमागे किती माणसं असतात, तान्ह्या बाळाची डमी आहे का, आणि मराठीतून समजावणारा प्रशिक्षक मिळेल का.