मिडाझोलमचा नाकातला स्प्रे : औषध चांगलंय, पण आधी चार लोकांना सांगावं लागतं

मला फीट येतात, शाळेत असल्यापासून, त्यामुळे गोळ्यांचे रिव्ह्यू लिहायला बसले तर वही भरेल, पण फीट थांबवायचा हा स्प्रे जरा वेगळं प्रकरण आहे म्हणून खास लिहितेय. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, वेगवेगळ्या कंपन्यांचे येतात आणि तुमचे डॉक्टर लिहून देतील तोच घ्यायचा.

दिसायला सर्दीच्या स्प्रेसारखी छोटीशी बाटली, वर नोझल, एकदा दाबलं की मोजून तेवढंच औषध बाहेर येतं. नवीन बाटली असेल तर आधी हवेत मारून पंप चालू करून घ्यायचा, नाहीतर ऐन वेळी नुसतीच हवा. आपल्याकडे एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅमवाला मिळतो आणि १.२५ वाला पण मिळतो, म्हणून दुसऱ्या कुणाला किती मारले ते बघून मारायचे नाहीत, आपले किती ते डॉक्टर सांगतात, मी ते खोक्यावर मार्करने मोठं लिहून ठेवलंय. आणि हे रोजचं औषध नाही हां. फीट बहुतेक वेळा दोनतीन मिनिटात आपली आपण थांबते. पाच मिनिटं झाली तरी थांबत नाही किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर ती इमर्जन्सी, हा स्प्रे त्या वेळेसाठी. दातखिळी बसलेल्या माणसाला गोळी देता येत नाही, शिरेत इंजेक्शन द्यायला डॉक्टर लागतो, आणि घरच्यांनी द्यायचं जे जुनं औषध होतं ते गुदद्वारातून द्यायचं, आता तुम्हीच सांगा कॉलेजात नाहीतर एसटीत ते कोण देणार आणि कोण घेणार. नाकातून मारलं की तिथूनच रक्तात शिरतं, काही मिनिटात काम होतं.

पण खरी मेख ही की हा स्प्रे ज्याचा आहे त्याला स्वतः मारता येत नाही. फीट आलीय म्हणजे आपण शुद्धीवर नाही, म्हणजे दुसऱ्याने मारायचा, म्हणजे त्या दुसऱ्याला आधी माहिती पाहिजे. डॉक्टर मॅडमनी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिताच विचारलं, हा मारणार कोण? आणि मी गप्प, कारण पुण्यात माझ्या आजूबाजूला एका माणसाला माहिती नव्हतं.

आमच्या घरात हा विषय दार लावून व्हायचा. सुरुवातीला मला नुसते सकाळी झटके यायचे, चहाचा कप हातातून उडायचा आणि आई ओरडायची, लक्ष कुठंय तुझं. मग एकदा जागरण झालं आणि सकाळी मोठी फीट आली तेव्हा कळलं. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक म्हणतात फीटच्या या प्रकाराला, साधारण बाराव्या ते अठराव्या वर्षी सुरू होतो, झोप मोडली की उसळतो, आणि फीटवरची काही औषधं यात उलट झटके वाढवतात, आमच्या पहिल्या डॉक्टरांनी नेमकं त्यातलंच एक दिलं होतं. असो. आईने गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून दिल्या. सहलीला कोणी विचारलं तर सांगायचं, पित्त झालंय. कुणाला बोलू नकोस गं, उद्या लग्नाचं बघायचंय. आईची भीती अगदीच हवेतली नव्हती, हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्येच फीट न येण्याची अट होती, ती १९९९ ला काढली. कायद्यातून गेली, मावश्यांच्या डोक्यातून अजून जायचीय.

तर हा स्प्रे घ्यायला मी मेडिकलमध्ये गेले. प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून घेतात, तो नियमच आहे. दुकान भरलेलं, आणि त्या दादांनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, फीटचा ना? पेशंट कोण? मी म्हटलं मीच. मागचे काका दोन सेकंद बघत राहिले आणि मग त्यांनी खोकल्याचं औषध मागितलं, बस, एवढंच झालं. मी किती वर्षं काय घेऊन बसले होते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आणि टीम लीडला चहाला नेऊन सांगितलं, बाटली दाखवली, दोघांनी हातात घेऊन बघितली. मैत्रिणीचा पहिला प्रश्न, तू जेवताना आली तर? मला आवडला तो प्रश्न, कारण अरेरे वगैरे करण्यापेक्षा तो बरा. रूममेटला मात्र सांगायला जड गेलं, ती घरमालकीणबाईंना सांगेल की काय म्हणून, तरी सांगितलं.

वापर झालाय. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या रात्री जागलो आणि सकाळी मला ऑफिसातच आली, पुढचं सगळं ऐकीव. मैत्रिणीने मला कुशीवर वळवलं, फोनवर टायमर लावला, सिक्युरिटीवाले काका चप्पल घेऊन हुंगवायला आले तर त्यांना म्हणाली काका चप्पल पायात घाला आणि पंखा लावा. पाच मिनिटं झाली तशी तिने सांगितल्याप्रमाणे दोन्ही नाकपुड्यात मारला, थोड्या वेळात झटके थांबले, श्वास नीट चालू आहे का बघत ती बाजूलाच बसून राहिली. ते बघायलाच लागतं कारण या औषधाने श्वास मंदावू शकतो. नंतर मी मेल्यासारखी झोपले, घशात कडू चव आणि नाकात आग, अर्धा दिवस गेला. तरी चालेल.

आता एक स्टार का कापला. बाटलीत किती फवारे उरले ते कळत नाही, हिशोब आपणच ठेवायचा, आणि वापर झाला नाही तरी एक्स्पायरी येतेच, ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. किमतीची तक्रार नाही. खरा राग त्या माहितीपत्रकाचा, मुंगीएवढ्या अक्षरात आणि सगळं इंग्रजीत, म्हणजे ज्या रूममेटने, ज्या रिक्षावाल्या दादांनी ते वाचायचं त्यांनी भिंग आणि डिक्शनरी घेऊन बसायचं का तेव्हा. शेवटी मीच मराठीत चिठ्ठी लिहून बाटलीला रबरबँडने गुंडाळलीय, कुणाला हवी तर घ्या, फवाऱ्यांचा आकडा तेवढा तुमच्या डॉक्टरांना विचारून भरा :

मला फीट आलीय. घाबरू नका, वेळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, पाणी, बोट काही नको, कांदा-चप्पलही नको. पाच मिनिटं झाली तर प्रत्येक नाकपुडीत ___ फवारे. तरी थांबली नाही किंवा श्वास नीट वाटला नाही तर १०८. आईला फोन करू नका, उठल्यावर मी करते.