झाकावे की सोडून जावे? बंद ॲस्बेस्टॉस खाणींपुढचे दोन मार्ग

सातारा जिल्ह्याच्या काळ्या कातळात ॲस्बेस्टॉसची, म्हणजे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार करणाऱ्या तंतुमय खनिजाची, खाण नाही. मात्र येथील कितीतरी गोठ्यांवर त्याच तंतूंचे सिमेंटचे पत्रे आहेत, म्हणून त्या खाणींचे पुढे काय झाले हा प्रश्न आपलाही आहे.

दक्षिण आफ्रिकेत नॉर्दर्न केप व लिम्पोपो प्रांतांतील बेवारस खाणींचे ढिगारे सरकारी खर्चाने उतार कमी करून, वर मातीचा थर टाकून आणि गवत रुजवून झाकले जातात. ऑस्ट्रेलियातील विटनूम या खाणगावाने दुसरी, गाव सोडून जाण्याची वाट धरली. तेथील खाण १९६६ मध्ये बंद झाली, सुमारे ३० लाख टन टाकाऊ खडक उघडाच राहिला, २००७ मध्ये गावाचा दर्जा काढला गेला आणि २०२२ च्या कायद्याने उरलेली खासगी मालमत्ता सक्तीने संपादित करण्याची तरतूद झाली.

माणसे हलवल्याने त्यांचा धोका टळतो, पण वारा व पाणी तंतू वाहून नेतच राहतात. झाकण्याचा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात गाव उठत नाही. तथापि तो एकदाच करून विसरण्याचा नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात डोंगर कोसळताना ज्यांनी पाहिले, त्यांना मुसळधार पावसापुढे उतारावरची माती किती टिकते हे सांगावे लागत नाही. झारखंडमधील रोरो टेकड्यांवरील खाण १९८३ मध्ये बंद झाली. तिच्या पायथ्याशी भातशेती करणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी मातीचा थर, पाणी अडवणारे बांध आणि दर पावसाळ्यानंतरची सरकारी तपासणी, ही तिन्ही कामे एकत्रच मंजूर व्हायला हवीत.