हेडलाइटमध्ये ओल: वाळवावी, उघडून सील करावी की नवीन घ्यावी?

पावसाळ्यात सकाळी हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरलेली दिसली की काही जण थेट सिलिकॉनची ट्यूब आणतात, तर काही जण "चालतंय" म्हणून पावसाळा काढतात. दोन्हींच्या आधी आत वाफ आहे की पाणी, हे बघा. खर्च शून्य येणार की काही हजार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

हेडलाइट मुळात हवाबंद नसतो. दिवा तापला की आतली हवा प्रसरण पावते, विझल्यावर आकसते आणि मागच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायला ठेवलेल्या वाटेतून, बाहेरची हवा आत येते. जुलैत रत्नागिरीला किंवा लोणावळ्याला ही हवा ओलीच असणार. दोन्ही बाजूंना सारखीच पातळ वाफ असेल, थेंब नसतील आणि दिवे लावून गाडी चालवल्यावर काच हळूहळू साफ होत असेल, तर काहीही करू नका. एलईडी दिव्यांत ही वाफ जास्त वेळ टिकते, कारण हॅलोजनची उष्णता समोर काचेवर पडते, तर एलईडीची मागच्या हीटसिंककडे (उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते आणि काच थंडच राहते. त्यामुळे नव्या गाडीत वाफ दिसली म्हणजे दिवा खराब निघाला, असं समजू नका.

एकाच बाजूला ओल, ओघळणारे थेंब किंवा तळाशी साचलेलं पाणी दिसलं, तर मात्र गळती आहे.

अशा वेळी पहिला संशय मागच्या झाकणावर घ्यावा. एच४ (हॅलोजनचा एक प्रकार) बल्ब बदलल्यावर मागची रबरी टोपी नीट बसवली गेली नसेल, पंख्याचा एलईडी बल्ब बसवताना ती कापली असेल, किंवा रबर कडक होऊन तडकलं असेल, तर चाकाने उडवलेलं पाणी आणि धुताना मारलेला प्रेशरचा फवारा आत शिरतो. ब्रीदरची नळी चिखलाने बुजली असेल तर आलेली ओल बाहेर पडत नाही. यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे: झाकण काढून दिवा उन्हात किंवा हेअर ड्रायरच्या कोमट हवेत वाळवा, टोपी बदला, नळी साफ करा. आतला रिफ्लेक्टर मात्र कापडाने पुसू नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो. तो खरवडला की उजेड कायमचा कमी होतो.

झाकण ठीक असूनही पाणी येत असेल, तर काच आणि मागची बॉडी जोडणारा सांधा बहुधा सुटला आहे. इथे दोन रस्ते आहेत. बाहेरून सिलिकॉन लावणं सोपं, पण पाणी नेमकं कुठून येतं ते न शोधता लावलं तर तेच पाणी आत कोंडतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि त्याने रिफ्लेक्टर काळवंडू शकतो. लावायचंच तर न्यूट्रल क्युअर (सुकताना असं ॲसिड न सोडणारं) सिलिकॉन घ्या, दिवा पूर्ण वाळल्यावर लावा आणि ब्रीदर मोकळा ठेवा.

दुसरा रस्ता म्हणजे दिवा साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून उघडायचा, सांध्यातला जुना ब्युटाइल (तापवल्यावर मऊ होणारा रबरी चिकट सीलंट) काढून नवा भरायचा. साध्या हॅलोजन दिव्यासाठी मला हाच उपाय पटतो, पण हात बसलेल्या कारागिराकडूनच. उष्णता जास्त झाली तर प्लास्टिक वाकतं. काही दिव्यांत ब्युटाइलऐवजी न सुटणारा गोंद असतो. ते उघडायला गेलं की काच तडकते, म्हणून "याला ब्युटाइल आहे का?" हे आधीच विचारा.

काचेला भेग गेली असेल, फिटिंगचे कान तुटले असतील किंवा रिफ्लेक्टर काळा पडला असेल, तर दुरुस्तीवरचा पैसा वाया जातो, दिवा बदलाच. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून घेणार असाल तर सांधा, कान आणि रिफ्लेक्टर उजेडात तपासून घ्या. कंपनीचा नवा दिवा महाग असतो आणि एलईडी असेल तर फारच, म्हणून गाडी वॉरंटीत असताना दिवा बाहेर कुणाकडेही उघडू नका. सर्व्हिस सेंटरला थेंबांचे फोटो दाखवून लेखी तक्रार नोंदवा. विम्याच्या भरवशावर राहू नका: झिजून झालेली गळती हा अपघात नव्हे. अपघाताने दिवा फुटला असला, तरी साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि क्लेम केल्यावर नो-क्लेम बोनसही जातो.

खाली ड्रिलने भोक पाडून पाणी काढून देणारेही भेटतात. पाणी निघतं खरं, पण त्याच भोकातून धूळ आत जाते. सिलिका जेलच्या पुड्यांनी उरलेली ओल टिपता येते, गळती थांबत नाही.

कुठलाही उपाय केला तरी, दिव्यासाठी बंपर उतरवला असेल तर तो बसवण्याआधी सांध्यावर आणि झाकणावर साध्या पाइपने पाणी सोडून बघा, नाहीतर बंपर पुन्हा उतरवावा लागेल. दिवा काढला असेल तर रात्री गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून फोकस तपासा. एक दिवा वर गेलेला असेल, तर घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.