स्मार्टवॉच घ्यायचंय? मग मनगटावर कोणाला येऊ द्यायचं ते आधी बघा

घड्याळ घ्यायचं म्हटलं की लोक बॅटरी, स्क्रीन, पट्टा यावरच बोलत बसतात, पण रोजच्या वापरात डोकं खातं ते नोटिफिकेशन. फोन खिशात वाजला तर दुर्लक्ष करता येतं, मनगटावर थरथरलं की मान खाली जातेच, समोरचा बोलत असला तरी जाते, आणि त्याला वाटतं ह्याला निघायची घाई झालीये. म्हणून आता मी कुठलंही घड्याळ बघताना एकच विचारतो, फोनवर येऊ दे पण घड्याळावर नको असं मला ठरवता येतं का, आणि ठरवता येत असेल तर ते कुठे बसून ठरवायचं.

साध्या फिटनेस बँडपासून सुरू करतो कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. ॲन्ड्रॉइडवर बँडच्या ॲपला 'नोटिफिकेशन ॲक्सेस' द्यावा लागतो आणि एकदा दिला की फोनवर येणारं सगळं त्या ॲपला दिसतं, मग त्यातलं काय मनगटावर पाठवायचं ही अक्कल त्या ॲपची. माझ्या बँडच्या ॲपमध्ये ती अक्कल जेमतेमच होती. व्हॉट्सॲपचं बटण चालू केलं तर प्रत्येक मेसेजला एकदा थरथरायचं, मग '३ चॅटमधून ५ मेसेज' ह्या गोळाबेरजेला परत एकदा, आणि रात्री चॅटचा बॅकअप सुरू झाला की त्यालाही! म्यूट केलेला ग्रुपसुद्धा मनगटावर हजर, कारण फोनवर आवाज नसला तरी नोटिफिकेशन तर पडतंच ना, बँडला त्यातला फरक कळत नव्हता. अशा बँडमध्ये ॲपनिहाय चालू-बंद एवढंच असतं, त्यापुढे फारसं काही नाही. आणि उलटा त्रास म्हणजे फोन बॅटरी वाचवायला ते ॲप मागच्या मागे बंद करतो, मग दिवसभर काहीच येत नाही आणि आपण खूश की आज किती शांतता आहे, संध्याकाळी कळतं की चार कॉल मिसले. त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद केलं की हे बरंचसं थांबतं.

ॲपल वॉच ह्या बाबतीत मला सगळ्यात समजूतदार वाटतं, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आयफोन हातात उघडा असेल तर नोटिफिकेशन फोनवरच दिसतं, फोन लॉक असेल किंवा स्क्रीन बंद असेल तरच घड्याळावर येतं. ऐकायला साधं आहे, पण एकाच मेसेजला दोन ठिकाणी धक्का बसत नाही ह्याची किंमत वापरल्यावरच कळते. फोनमधल्या वॉच ॲपमध्ये नोटिफिकेशन्समध्ये गेलात की खाली बाकीच्या कंपन्यांच्या ॲपची यादी येते, तिथून नको ते बंद करायचं, फोनवर ते चालूच राहतं. मेसेज, कॅलेंडर अशा ॲपलच्या स्वतःच्या ॲपना घड्याळापुरती वेगळी सेटिंग पण देता येते. अडचण अशी की बाहेरच्या ॲपला फक्त हो किंवा नाही. म्हणजे खरेदीच्या ॲपचं 'पार्सल निघालं' हवं आणि 'आज शेवटचा दिवस' नको असेल तर ते त्या ॲपच्या आत शिरून बंद करावं लागतं, आणि आत तशी सोय नसेल तर बसा. हां, मीटिंगमध्ये अचानक वाजायला लागलं तर घड्याळावर तळहात तीन सेकंद ठेवायचा, आवाज बंद होतो, पण ही सोय आधी सेटिंगमधून चालू करावी लागते.

वेअर ओएस, म्हणजे गूगलच्या घड्याळासाठीच्या सिस्टिमवर चालणारी घड्याळं, सॅमसंगची नवी, गूगलचं पिक्सेल वॉच वगैरे, इथे बारकावा जास्त आहे पण तो घड्याळात नाही, फोनमध्ये आहे. ॲन्ड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल असतात. एखादं नोटिफिकेशन दाबून धरा आणि सेटिंगमध्ये जा, 'ऑर्डर' वेगळं, 'ऑफर्स' वेगळं अशी यादी दिसेल, त्यातलं ऑफर्स बंद केलं की फोनवरून जातं आणि मनगटावरूनही जातं. ह्याला मी तरी पैकीच्या पैकी देईन. फक्त ॲप बनवणाऱ्याने चॅनल नीट पाडलेले हवेत, काही महाभाग सगळं एकाच चॅनलमध्ये कोंबतात (मुद्दामच असणार, माझी शंका). घड्याळाच्या ॲपमधली यादी मात्र ॲपनिहायच असते. वर एक गंमत, काही ॲप फोनवर असतात आणि घड्याळावरही स्वतंत्र टाकलेली असतात, तेव्हा एकच मेसेज दोनदा आल्यासारखा वाटू शकतो, मग दोन्हीपैकी एकाचं तोंड बंद करायचं.

गार्मिन, म्हणजे पळणाऱ्या-खेळणाऱ्यांची घड्याळं बनवणारी कंपनी, तिचं प्रकरण फोनवर अवलंबून आहे. ॲन्ड्रॉइडवर गार्मिन कनेक्ट ॲपमध्ये ॲपनिहाय यादी मिळते आणि मेसेजला ठरलेली छोटी उत्तरंही पाठवता येतात. आयफोनवर मात्र आयफोनच्या नोटिफिकेशन सेंटरमध्ये जे पडतं ते घड्याळाकडे जातं, म्हणजे चाळायचं ते आयफोनच्याच सेटिंगमध्ये, आणि उत्तर देणं विसरा. आयफोनला साधा बँड जोडला तरी साधारण हाच रस्ता असतो, ब्लूटूथच्या यादीत त्या बँडपुढे 'सिस्टिम नोटिफिकेशन्स शेअर करा' असं बटण असतं, ते बंद असलं तर काहीच येत नाही. पण गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये धावताना वेगळं आणि एरवी वेगळं ठेवता येतं, म्हणजे धावताना फक्त कॉल. पळणाऱ्या माणसाला बाकी कशापेक्षाही हेच जास्त उपयोगी.

मग घ्यायचं काय? अर्धा निर्णय तुमचा फोनच करून टाकतो, ॲपल वॉच ॲन्ड्रॉइडला चालत नाही आणि आताची बहुतेक वेअर ओएस घड्याळं आयफोनला चालत नाहीत. आयफोन असेल आणि नोटिफिकेशन हाच मुद्दा असेल तर गार्मिन किंवा बँडच्या नादी लागू नका, सरळ ॲपल वॉच. ॲन्ड्रॉइड असेल आणि सेटिंगमध्ये अर्धा तास घालवायची तयारी असेल तर वेअर ओएस, कारण चॅनल नीट लावल्यावर मनगटावर येतं ते कामाचंच. पण खरं सांगायचं तर फक्त कॉल आणि एखादं मेसेजचं ॲप एवढंच हवं असेल तर साधा बँडही पुरतो, बाकी सगळी बटणं बंद ठेवायची, रोज चार्ज करायची कटकटही नाही.

फोकस किंवा डू नॉट डिस्टर्बने, म्हणजे फोन ठरावीक वेळ गप्प ठेवणाऱ्या सेटिंगने, हे सगळं सुटेल असं कोणी सांगेल. ते वेळेचं हत्यार आहे, रात्री, मीटिंगमध्ये, ठीक. आयफोनचा फोकस घड्याळावर आपोआप लागू करता येतो, अमुक माणसांचेच कॉल येऊ दे असंही सांगता येतं, ॲन्ड्रॉइडवरही तसं आहे. पण दुपारी तीन वाजता जे ऑफरचं नोटिफिकेशन छळतं त्यावर तो इलाज नाही, ते मुळातूनच काढायला हवं.

कुठलंही घेतलंत तरी पहिल्या दिवशी सगळं बंद करा आणि ज्याची चुटपुट लागेल तेवढं एकेक चालू करा, उलटं करायला गेलात तर सहा महिने नुसतं बंदच करत बसाल. आणि नवीन टाकलेलं ॲप आपोआप घड्याळाच्या यादीत चालू होतं का तेही बघून ठेवा, सॅमसंगच्या ॲपमध्ये त्याचं वेगळं बटण आहे, ॲपल वॉचवर मात्र नवीन ॲप चालूच होऊन येतं, दरवेळी हाताने बंद करावं लागतं. माझ्याकडे सध्या कॉल, घरच्यांचे मेसेज आणि कॅलेंडर एवढंच चालू आहे, आणि कॅलेंडरही पुढच्या आठवड्यात काढावं असं चाललंय.