कृतज्ञतेची वही, आभारपत्र की ताटावरच्या गप्पा?

मुलांना कृतज्ञतेची सवय लावायची ठरलं की आधी वही आणली जाते. सुंदर मुखपृष्ठ, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी. पहिले दोन दिवस मजेत जातात. मग 'आई, बाबा, आजी' सुरू होतं आणि आठवड्याभरात त्याखाली नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा.

वहीला पुरावा नाही असं नाही. मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रोह आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधल्या अमेरिकन अभ्यासात सहावी-सातवीच्या 221 मुलांमधल्या एका गटानं दोन आठवडे रोज अशा नोंदी केल्या. रोजच्या कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा या मुलांना आपली शाळा जास्त बरी वाटू लागली, आणि हे तीन आठवड्यांनीही टिकून होतं. पण ते काम दोन आठवड्यांचं होतं, वर्षभराचं नव्हे. तेव्हा वही घ्यायचीच असेल तर पाचवीच्या पुढच्या, लिहायची आवड असलेल्या मुलासाठी घ्या. आठवड्यातून एकदाच लिहू द्या आणि शुद्धलेखन तपासू नका.

पहिली ते चौथीसाठी मी डोळे झाकून ताटावरच्या गप्पा निवडेन. खर्च शून्य, शिवाय लिहिण्याचा कंटाळा आड येत नाही. फक्त 'आज तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस?' असं विचारू नका, त्या प्रश्नाला मोठ्यांनाही उत्तर सुचत नाही. 'आज कुणामुळे तुझं काम सोपं झालं?' असं विचारा. समजा, बाकावरच्या मित्रानं पेन्सिल दिली. मग पुढे: त्यानं आपणहून दिली का? त्याच्याकडे दुसरी होती का? ती नसती तर तुझं काय झालं असतं? देणाऱ्याचा हेतू, त्याची झीज आणि आपला फायदा, या तीन गोष्टी मुलाला दिसू लागल्या की शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी किती वाजता चूल पेटवत असतील, हे ते स्वतःच विचारतं. 'म्हण काकांना थँक्यू' असं दंडाला धरून म्हणवून घेतल्यानं यातलं काहीच दिसत नाही.

(आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळद लावून मळतात. जू ज्या खांद्यावर बसतं, नेमका तोच खांदा! कशाबद्दलचे आभार, हे तिथं बोलून दाखवावं लागत नाही.)

आभारपत्र ताकदीचं, पण रोजचं नव्हे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या 2005 च्या प्रयोगात प्रौढांनी पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. लगेच मिळालेला आनंद मोठा होता, महिनाभर तो जाणवला, नंतर ओसरला. म्हणजे सवय लावायला एकटं पत्र पुरणार नाही. वर्षातून दोन-तीनदा मात्र जरूर लिहून घ्या. 5 सप्टेंबरला सगळा वर्ग फळ्यावरचा एकच मजकूर उतरवतो, ते यात धरू नका. व्हॅनवाले काका, ग्रंथपाल, गणित समजावून देणारी शेजारची ताई, असं एकच माणूस मुलाला निवडू द्या आणि एकच प्रसंग लिहू द्या. चार ओळी पुरेत. नेऊन द्यायला मुलालाच पाठवा, तुम्ही कोपऱ्यावर थांबा. मोबाइल खिशातच राहू द्या.